नानेटी हे नाव का टिकले

पावसाळ्यात भातखाचराच्या बांधावरून, गवताच्या कडेकडेने, भर दिवसा बेडकामागे सरसरत जाणारा हातभर लांबीचा बारीक साप महाराष्ट्रात नानेटी म्हणून ओळखला जातो. अंग मातकट, कधी हिरवट झाक असलेले. पाठीच्या दोन्ही कडांनी शेपटीपर्यंत गेलेल्या दोन पिवळसर रेघा. अंगाच्या पुढच्या भागात या रेघांना काळ्या आडव्या ठिपक्यांचे अडथळे येतात, म्हणून तिथे त्या पुसट वाटतात. मागच्या भागात त्या मोकळ्या आणि स्वच्छ दिसतात. पोट पांढरट, डोळे मोठे, बाहुली गोल. पाठीवरच्या खवल्यांच्या मधोमध उभी उंचवट्याची रेघ असते, त्यामुळे अंग हाताला खरखरीत लागते. विषाचे नाव नाही, आणि पकडली तरी सहसा चावत नाही. अशा या सापाच्या नावात मात्र यातले काहीच नाही. नानेटी म्हटल्यावर पट्टा डोळ्यांसमोर येत नाही, रंग येत नाही, विष आहे की नाही हेही कळत नाही. सापांच्या नावांचा विचार करणारे अनेकजण याला उणीव समजतात. नाव वर्णन करणारे असावे म्हणजे ओळख सोपी होते, हा त्यांचा आग्रह. मला याच्या उलट वाटते. या सापाला गेल्या अडीचशे-पावणेतीनशे वर्षांत जी वर्णनपर नावे मिळाली ती एकेक करून तपासली, तर वर्णन न करणारे हे जुने देशी नाव ओळखीच्या कामी सर्वांत खणखणीत ठरते, आणि त्याला कारणे आहेत.

विद्वानांच्या नावापासून सुरुवात करू. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५८ मध्ये ‘सिस्टेमा नातुरे’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या सापाला ‘कोलुबर स्टोलाटस’ असे नाव दिले. स्टोला म्हणजे प्राचीन रोममधल्या विवाहित, प्रतिष्ठित स्त्रिया अंगावर घेत तो पायघोळ झगा, आणि स्टोलाटस म्हणजे तो झगा ल्यालेला. लिनियसने भारतात कधी पाऊल ठेवले नव्हते. युरोपातल्या संग्रहांत मद्यार्कात बुडवून ठेवलेले नमुने हाताळून त्याने जगभरच्या प्राण्यांना नावे दिली. मेलेल्या सापाची चाल दिसत नाही, तो कुठे राहतो, केव्हा बाहेर पडतो, काय खातो हे दिसत नाही. दिसतो तो पोशाख. म्हणून नावही पोशाखाचे पडले. यात लिनियसचा दोष काढण्यात अर्थ नाही, त्याच्यापुढे जे होते त्यावरच त्याला बोलणे भाग होते. पण पुढे काय झाले ते पाहावे. कोलुबर ही प्रजाती म्हणजे सगळ्या सापांची धर्मशाळा झाली होती, ती मोडून नव्या प्रजाती झाल्या. सर्पतज्ज्ञ जॉर्ज बूलेंजरच्या १८९० च्या ग्रंथात हा साप ‘ट्रॉपिडोनोटस स्टोलाटस’ आहे. माल्कम स्मिथच्या १९४३ च्या ग्रंथात तो ‘नॅट्रिक्स स्टोलाटा’ झाला. पुढे ‘अँफिएस्मा’ हे १८५४ मधले नाव त्याच्यासाठी रूढ झाले, आणि त्या शब्दाचे लिंग नपुंसक म्हणून स्टोलाटाचे ‘स्टोलाटम’ करावे लागले. २०१४ मध्ये जनुकीय अभ्यासानंतर अँफिएस्मातले बाकीचे सगळे भाऊबंद वेगळ्या प्रजातींत गेले आणि हा साप आपल्या प्रजातीत एकटा उरला. शास्त्राचे हे काम योग्यच आहे. नाते नीट कळले की नाव बदलते, तशी व्यवस्थाच आहे. मात्र या सगळ्या फेरबदलात सापावर पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलेली खूण कोणती, असे विचारले तर लॅटिनमध्ये एक झगा उरतो, आणि तो झगा कसा होता हे आज लॅटिन शिकलेल्यालाही शब्दकोशात पाहावे लागते.

पोशाखावरून ठेवलेल्या नावाचे पुढे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण उत्तर अमेरिकेत आहे. तिथे बागांत, ओढ्याकाठी, कुरणांत दिसणारा रेघांचा बारीक साप ‘गार्टर स्नेक’ म्हणून ओळखला जातो. लिनियसने त्यालाही त्याच १७५८ च्या ग्रंथात नाव दिले. वर्गीकरणात तो नानेटीच्याच उपकुळातला. फरक एवढाच की नानेटी अंडी घालते आणि गार्टर स्नेक पिल्ले देतो. गार्टर म्हणजे मोजे घसरू नयेत म्हणून पायाला बांधायची पट्टी. अठराव्या शतकात ती पुरुषांच्याही पायांवर असे आणि तिच्यावर रंगीत रेघा असत. नाव ठेवणाऱ्याला साप पाहताच ती पट्टी आठवली असणार. पुढे मोजे बांधायची पद्धत गेली, पट्टी विस्मरणात गेली, आणि लोकांच्या तोंडी त्या सापाचे ‘गार्डन स्नेक’ झाले, ‘गार्डनर स्नेक’ झाले. म्हणजे बागेतला साप, माळ्याचा साप. बागेत दिसतो म्हणून हा नवा अर्थ बसलाही. परंतु लक्षात घ्यायचे ते हे की वर्णनाचा आधार असलेली वस्तू जीवनातून गेली की वर्णन निरर्थक होते, आणि मग लोक त्या ध्वनीला दुसरे वर्णन जोडू पाहतात. नानेटीवर ही पाळी आली नाही, कारण तिचे नाव दुसऱ्या कशाच्या आधाराने उभेच नव्हते.

यावर एक आक्षेप लगेच येईल. मराठीतली सापांची कितीतरी नावे वर्णनपर आहेत आणि ती उत्तम चालतात. गवत्या हा गवतासारखा हिरवा. कवड्याच्या अंगावर कवड्या मांडल्यासारखे पांढरे पट्टे. मण्यार या नावात मणी ऐकू येतात. मग वर्णनाचे वावडे कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर त्याच उदाहरणांत आहे. कवड्या आणि मण्यार ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही गडद अंगाचे, दोन्ही रात्री फिरणारे, दोन्ही घरात शिरणारे, आणि दोन्ही नावे बोट दाखवतात ती एकाच गोष्टीकडे, गडद अंगावरच्या पांढऱ्या खुणांकडे. त्यातला कवड्या निरुपद्रवी आणि मण्यार देशातल्या अत्यंत घातक सापांपैकी एक. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारचे बारीक पांढरे पट्टे मानेपासून जरा अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. ही ओळख पटवून देणारे काहीही त्या नावांत नाही. ज्याला दोन्ही साप माहीत आहेत त्याला नावे पुरतात. ज्याला माहीत नाहीत त्याला नावातले वर्णन मदत करत नाही, उलट गोंधळात टाकू शकते. म्हणजे कवड्या हे नाव चालते ते त्यातल्या कवडीमुळे नव्हे, तर ते एकाच सापाला वर्षानुवर्षे चिकटून राहिले आहे म्हणून.

नानेटीच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच गंभीर होते. इंग्रजीत तिला ‘स्ट्राइप्ड कीलबॅक’ म्हणतात, आणि त्याचे भाषांतर करून ‘पट्टेरी’ असे काहीतरी मराठीत आणण्याचा मोह हल्ली दिसतो. इंग्रजीत लांबीच्या दिशेने जाणारी रेघ आणि अंगाला वेढणारा आडवा पट्टा यांना दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत बोलताना दोन्हींना आपण पट्टाच म्हणतो. झेब्र्यालाही पट्टे, वाघालाही पट्टे, खारीच्या पाठीवरही पट्टे. पूर्व विदर्भात आढळणारा ‘पट्टेरी मण्यार’ हा काळ्यापिवळ्या आडव्या पट्ट्यांचा विषारी साप आहे. अशा भाषेत नानेटीला पट्टेरी साप म्हणणे म्हणजे एका निरुपद्रवी आणि एका विषारी सापाला एकाच शब्दाच्या छपराखाली आणणे. शेतात साप पाहिलेला माणूस घरी येऊन ‘अंगावर पट्टे होते’ असे सांगतो, तेव्हा त्या वाक्यातून काहीच निष्पन्न होत नाही. ‘नानेटी होती’ हे दोन शब्द सगळे सांगून जातात. वर्णन टाळणारे नाव इथे वर्णनापेक्षा अचूक ठरते, आणि ही केवळ भाषेची हौस नाही, जिवाशी गाठ असलेली बाब आहे.

जिवाशी गाठ म्हटले की सर्वांत वजनदार आक्षेप पुढे येतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० च्या आसपास, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. मृतांत शेतात राबणाऱ्या खेड्यांतल्या माणसांचा भरणा मोठा. अशा वेळी बारीकसारीक सापांची नावे काय कामाची, विषारी कोणते आणि बिनविषारी कोणते एवढे शिकवा म्हणजे झाले, असे पुष्कळ समजूतदार लोक म्हणतात. ही दोन कप्प्यांची विभागणी कुठून आली हे पाहणे उपयोगाचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गतज्ज्ञ पॅट्रिक रसेल याने १७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरचा आपला ग्रंथ काढला. कोंबड्या आणि कुत्र्यांवर दंशाचे प्रयोग करून कोणता साप विषारी ते त्याने तपासले. पण त्याने सापांची चित्रे छापली ती तिथल्या लोकांच्या तोंडच्या नावांसकट, विषारीही आणि निरुपद्रवीही. ‘बुंगारुम पामा’ हे त्याने टिपलेले तेलुगू नाव. पुढे मण्यारच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘बुंगारस’ झाले ते त्यावरूनच. पाऊणशे वर्षांनी चित्र पालटले. १८७२ मध्ये जोसेफ फेअरर या डॉक्टरचा भव्य ग्रंथ निघाला, त्याच्या ‘थॅनॅटोफिडिया’ या शीर्षकातच मृत्यू आणि साप एकत्र बांधलेले होते. सर्पदंशाचे मृत्यू मोजण्याची गरज खरी होती, फेअररची कळकळही खरी होती. पण त्याच काळात मेलेल्या सापामागे बक्षीस देण्याची सरकारी पद्धत जोरात आली. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर लावलेल्या बक्षिसापायी लाखोंनी साप मारले गेले. बक्षिसाच्या व्यवहारात सापाला नाव लागत नाही, फक्त शव लागते, आणि ठेचलेल्या शवावरून जात ओळखणे कचेरीतल्या कारकुनाचे काम नव्हे. ‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ हा वाक्प्रचार मराठीत आधीपासून आहे, या धोरणाने त्या धोपटण्याला पैसे मिळू लागले.

विषारी आणि बिनविषारी ही विभागणी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यकच आहे. पण ती विभागणी डोळ्यांना दिसत नाही, हे तिच्या पुरस्कर्त्यांच्या ध्यानात येत नाही. ‘बिनविषारी’ नावाचा साप कुणालाच कधी दिसलेला नाही. दिसते ती धामण, दिसतो तो तस्कर, दिसते ती नानेटी. डोके त्रिकोणी असेल तर विषारी, बाहुली उभी असेल तर विषारी, अशा ठोकताळ्यांचा भारतात भरवसा नाही. नाग आणि मण्यार या दोन्ही जीवघेण्या सापांची बाहुली गोल आहे, डोकी घोणशीसारखी त्रिकोणी नाहीत. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बेतलेले आहे. हे चार नावानिशी ओळखू आले पाहिजेत हे खरे, पण त्यांच्यासारखे भासणारे दुसरे साप नावानिशी माहीत असल्याशिवाय ती ओळख पक्की होतच नाही. नानेटी डिवचली गेली की मान पसरवते. ताणलेल्या कातडीवर खवल्यांच्या मधून निळसर आणि विटकरी रंग डोकावतात. ज्याने नानेटी हे नाव आणि त्याबरोबर तो साप कधी जाणून घेतलेला नाही, त्याला तो पसरलेला गळा म्हणजे नागाचे पिल्लू वाटणार. ‘नाग’ शिकवून हा घोटाळा मिटत नाही, तो ‘नानेटी’ शिकवल्यावर मिटतो. आणि दंश खरोखर झाला असेल, सापाबद्दल तिळमात्र शंका असेल, तर नावाच्या भरवशावर न राहता तडक दवाखाना गाठायचा, याला कुठल्याही नावाने सूट मिळत नाही.

देशी नाव प्रांताप्रांताला बदलते, म्हणून ते शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, असेही म्हटले जाते. सिंधपासून श्रीलंकेपर्यंत आणि नेपाळपासून तैवानपर्यंत पसरलेल्या या सापाला अर्थातच एक देशी नाव असणे शक्य नाही. हिंदीत तिला ‘सीता की लट’ म्हणतात, बंगालीत ‘हेले’. पण या बदलत्या नावांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट सगळीकडे समान आढळते. प्रत्येक भाषेने या लहानशा, कुणाचेही वाकडे न करणाऱ्या सापाला स्वतंत्र नाव देण्याचे कष्ट घेतले आहेत. ज्याच्यापासून भय नाही आणि ज्याचे मांस वा कातडे उपयोगी नाही, अशा प्राण्याला लोक नाव देतात ते रोजच्या सहवासामुळे. भातशेतीचा आणि या सापाचा सहवास जुना आहे. खाचरात पाणी साचले की बेडूक येतात, बेडकांमागे नानेटी येते. उन्हाळ्याच्या ताणात ती बिळांत पडून राहते आणि पावसाबरोबर बाहेर पडते, दिवसाउजेडी फिरते, म्हणून लावणी करणाऱ्याच्या नजरेस पडते. बंगालीत तर तिच्यावर म्हणच आहे. हेले धरता येत नाही आणि निघाला केउटे धरायला, अशा अर्थाची. केउटे म्हणजे नाग. सोपे काम जमत नाही त्याने अवघडाला हात घालू नये, हा तिचा रोख. ही म्हण कळायची तर ऐकणाऱ्याला हेले निरुपद्रवी आहे हे आधी ठाऊक हवे. म्हणजे सापाच्या स्वभावाचे ज्ञान समाजात इतके मुरलेले होते की त्यावर टोमणा उभारता आला. कोणत्याही पुस्तकातल्या नोंदीपेक्षा हा पुरावा मला मोठा वाटतो.

‘सीता की लट’ हे नाव मात्र माझ्या म्हणण्याच्या आड येते असे कुणी म्हणेल, कारण ते उघड उघड वर्णन आहे. बारीक, लांब, वळसे घेत जाणारी केसांची बट. पण हे नाव दिसण्यावर थांबत नाही. ते सापाला सीतेशी जोडते, आणि सीतेची बट ठेचायला हात सहज उठत नाही. अशा नावाचे काम संरक्षणाचे आहे. महाराष्ट्रात काही भागांत एक नानेटी मारली तर सात नानेट्या येतात, असे सांगतात. शास्त्रीयदृष्ट्या हे खरे नाही, साप सूड घेत नाहीत. ही समजूत जपावी असे मी म्हणणार नाही, कारण भीतीवर उभी असलेली दया उलटायला वेळ लागत नाही. नावाला चिकटलेले चुकीचे वर्णन किती महाग पडते हे मांडुळाने दाखवले आहे. आखूड बोथट शेपटीमुळे त्याला ‘दुतोंड्या’ म्हटले गेले, दोन तोंडांच्या प्राण्यात काहीतरी अद्भुत असणार असे मानले गेले, आणि गुप्तधनाच्या नादाने महाराष्ट्रात त्याची चोरटी विक्री होत राहिली. पोलीस आणि वनखात्याच्या धाडींच्या बातम्यांत हा गरीब साप वारंवार येतो. मांडूळ या नावात यातले काही नव्हते, सगळा घात दुतोंड्या या वर्णनाने केला.

नाव असूनही नानेटी मारली जातेच की, हा शेवटचा आक्षेप. जाते. नाव ठाऊक असलेला माणूस काठी उचलणारच नाही, असे कुणी सांगू शकणार नाही. पण नाव ठाऊक नसलेल्याच्या हातून ती वाचण्याची शक्यता त्याहूनही कमी, आणि आज खरी अडचण नाव ठाऊक नसलेल्यांचीच आहे. शेतीपासून तुटलेल्या दोन पिढ्यांना नाग, अजगर आणि बाकी सगळे ‘साप’ एवढेच उरले आहे. नव्या वसाहती पूर्वीच्या भातखाचरांवर आणि माळांवर उभ्या राहतात, आवारात हिरवळ लावली जाते, तिथे बेडूक येतात, आणि पाठोपाठ नानेटी येते. ती आपल्या जागीच आहे, शेजार बदलला आहे. या बदललेल्या शेजाराला सापांची ओळख करून देण्याचे काम महाराष्ट्रात झालेले नाही असे नाही. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने १९०५ पासून सामान्य भारतीय सापांवर लेखमाला चालवली, ती विषारी सापांपुरती नव्हती. हाफकिन संस्थेत काम केलेल्या पु. ज. देवरसांचे भारतीय सापांवरचे पुस्तक १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने काढले. पुण्यात कात्रजला नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने सर्पोद्यान उभे राहिले. सर्पमित्रांनी गावोगावी व्याख्याने दिली. यांतल्या मराठीतून लिहिणाऱ्या मंडळींनी नानेटी, कवड्या, तस्कर, दिवड ही नावे छापील मराठीत जिवंत ठेवली, हे त्यांचे ऋण आहे.

म्हणूनच शाळेच्या भिंतीवर आणि आरोग्य केंद्राच्या फलकावर सापांची चित्रे लावताना चौकटीच्या वर मोठ्या अक्षरांत ‘बिनविषारी’ आणि चित्राखाली बारीक अक्षरांत नाव, ही मांडणी उलटी करायला हवी. नाव मोठे, विषाची माहिती त्याखाली. चित्रही एकच पुरणार नाही. नानेटीचे अंग पुढे ठिपकेदार आणि मागे रेघांचे असते, तेव्हा दोन्ही भाग दिसले पाहिजेत, आणि शेजारी मान पसरवलेल्या नानेटीचे तिसरे चित्र हवे. त्यालगत मण्यार ठेवावा, म्हणजे उभी रेघ आणि आडवा पट्टा यांतला फरक बोलून सांगावा लागणार नाही. इंग्रजीवरून घडवलेले नवे नाव तिथे कुठेही नको. नानेटी एवढेच लिहावे, आणि ज्या भागात तिला दुसरे काही म्हणत असतील तिथे कंसात ते नाव.